पिशवीवरचा टॉवेल

सिस्टरने टॉवेल उचलला, तर पिशवीतलं पिवळं पाणी लाल झालेलं. माझ्या मुलाचं लिव्हर गेलेलं, सिल्वासाच्या दवाखान्यात त्याच्या फुगलेल्या पोटातलं पाणी नळीने पिशवीत काढत होते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "याचं रक्त लवकर थांबत नाही, पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवा." पण राखोलीच्या कंपनीतले सोबती भेटायला आले, तसा तो पुटपुटला, "माय, झाक ते. बेवड्याचं पाणी म्हणतील." मी झाकलं. "काय शेठ, कितवा महिना?" म्हणत ते हसले, हाही हसला. ते गेल्यावर म्हणाला, "माय, गरगरतंय." मी सिस्टरला हाक मारली. "टॉवेल कोणी टाकला?" "मी." नळी काढली, रक्त चढवलं. लाज त्याच्याइतकीच मलाही वाटली होती, हे आज कबूल करते. मुलगा वाचला.