विजेत्याच्या जागी आडनाव

परवा दवाखान्याबाहेर चप्पल काढून गार लादीवर पाय ठेवला आणि ऐंशीच्या दशकातला कर्जतचा कॉम्प्युटर क्लास आठवला. तिथंही अनवाणीच बसायचो. हिरव्या अक्षरांच्या एका खेळात योद्धा होऊन गुहेतला राक्षस मारायचा. आपण मेलो की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळाभर मी हरल्यावर एकदाचा राक्षस पडला. पडद्यानं विजेत्याचं नाव विचारलं. शाळेच्या सवयीनं मी आधी आडनाव टाकलं. जागा तेवढ्यातच संपली आणि ते तसंच उमटलं.

"तुझं नाव नाय आलं रं," शेजारी बसलेला कशेळ्याचा दिनेश हसला. "नुसता गायकवाड. म्हंजे तुझा बापूस पन जिंकला."

मी हिरमुसलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुठंतरी माझं नाव लागावं असं फार वाटायचं. आता बाबा नाहीत. दिनेश म्हणाला तेच खरं असावं, असं वाटतं.