माझी विद्यार्थिनी माझ्या शाळेत

जासईच्या मराठी शाळेत शिकलेली मी व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा मनात धाकधूक होती. पण तिथल्या मुलांना माझं बोलणं पटकन कळायचं. हॉटेलात नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा कारण सांगितलं, "मॅडम, तुम्हीही ही भाषा शिकूनच बोलता. आमचं कुठे अडतं ते तुम्हाला आधीच कळतं." त्या दिवसापासून मी वर्गात ताठ मानेने उभी राहू लागले.

गेल्या सुट्टीत तीच माझ्यासोबत जासईला आली. मी तिला माझ्या जुन्या शाळेत नेलं. आईही बरोबर होती. सातवीच्या मुली आधी लाजल्या. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारू लागल्या, तुमच्याकडे भात पिकतो का, मासे कुठले मिळतात. तिने हसत हसत सगळ्यांना उत्तरं दिली. मला मधे एक शब्दही बोलावा लागला नाही.

मागच्या बाकावरून आई मला म्हणाली, "मना पन तुजा तिकरचा वर्ग बगाचा हाय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही पासपोर्टच्या फोटोसाठी पनवेलला गेलो. फोटोग्राफर चेहरा गंभीर ठेवायला सांगत होता आणि आईला हसू आवरत नव्हतं.