शंभर वर्षांनी येणारा पूर

सांगलीत आमच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. मोठा पूर किती वर्षांनी येतो हे काढायच्या तीन पद्धती त्यांना पाठ आहेत आणि समोरच्याला वेळ आहे का हे न विचारता ते तिन्ही समजावतात. एकीनं उत्तर पंचवीस वर्षं येतं, दुसरीनं पन्नास, तिसरीनं थेट शंभर. साहेबांना तिसरीच पटते, कारण त्यांचं घर नदीकाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. शेजारच्या दूधवाल्या आक्कांनी विचारलं, "आवं साहेब, म्हशी हलवू का?"

"शास्त्रीयदृष्ट्या गरज नाही," साहेब म्हणाले.

त्यांच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यात फ्रीज चढत होता.

"मग ह्यो टेम्पो कशाला?"

"आमच्या मिसेस फार घाबरतात हो."

आक्कांनी म्हशी सोडल्या आणि माळाची वाट धरली. संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर साहेब परतले, ते चौथी पद्धत घेऊन. तिच्यात म्हणे यंदाचा पूर अपवाद म्हणून हिशेबात धरायचाच नसतो.