शिट्टीसरांचं मैदान

शाळेतल्या पीटीच्या सरांना एक खरं नाव होतं, पण त्याचा उपयोग फक्त पगाराच्या दिवशी व्हायचा. बाकी वर्षभर ते शिट्टीसर. शिट्टी गळ्यात इतकी मुरलेली, की सरांनी लग्नही तिच्यासकट केलं असणार अशी पोरांची खात्री होती. सरांच्या बायकोला कुणी विचारलंच तर ती म्हणे, "गळ्यात नव्हती रे बाबांनो. खिशात होती."

या शिट्टीसरांनी शाळेत फन रन सुरू केला. पोरांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि दर फेरीमागे कुणा काकानं, आत्यानं, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं कबूल केलेले पैसे शाळेला द्यायचे. असले उपक्रम इतर शाळांतही होतात. पहिल्या वर्षी दणक्यात, दुसऱ्या वर्षी बरे, आणि तिसऱ्या वर्षी पालक शाळेचा फोन उचलेनासे होतात. शिट्टीसरांचा फन रन मात्र दरवर्षी आदल्या वर्षाला मागे टाकायचा. दुसऱ्या शाळांचे लोक चहाच्या निमित्तानं येऊन गुपित विचारत, आणि सर ते सांगूनही टाकत.

"चुणचुणीत पोरगं मागायला पाठवू नका. ते घडाघडा बोलतं, त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं. सगळ्यात चिकट दुकानदाराकडे सगळ्यात लाजरी मुलगी पाठवा. ती काउंटरपाशी उभी राहते आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसते. गिऱ्हाइकं बघायला लागतात. शेवटी तो माणूसच म्हणतो, बाई गं, कुठं सही करू ते दाखव आणि घरी जा!"

दुसरी युक्ती बापांची. प्रत्येक बापानं मुलाबरोबर निदान एक फेरी पळायचीच. सगळ्या गावासमोर धापा टाकत, सुटलेलं पोट सावरत जो एकदा पळाला, तो पुढच्या वर्षी पळण्यातून सुटका मिळावी म्हणून आपणहून दुप्पट देई.

आणि तिसरी युक्ती म्हणजे माइक. शर्यत चालू असताना सर जे काही बोलत, त्यासाठी मूल शाळेत नसलेलेही लोक येत. "दातांचे डॉक्टर आता वळणावर आलेले आहेत. तोंड पूर्ण उघडं आहे. असंच ठेवा डॉक्टर, आम्हाला दाढा दिसतायत!" लोक पोट धरून हसत आणि हसता हसता पाकिटं उघडत.

हे सगळं कशासाठी, तर मैदानासाठी. मैदान आपलं सवयीनं म्हणायचं. खडी, मध्येच वर आलेले दगड, आणि टाकीजवळच्या वळणावर असा उतार की पळणारं पोर हमखास तिथं आपटायचं. शिट्टीसर नोकरीला नवे असताना चौथीतली एक मुलगी तिथं पडली, हनुवटीला टाके पडले. तिला कडेवर घेऊन दवाखान्यात पळताना सरांनी ठरवलं, हे मैदान सपाट करायचं. माती टाकायची, रोलर फिरवायचा, कडेनं गवत लावायचं. शाळेकडे पैसे नव्हते. म्हणून फन रन.

पहिल्या वर्षी पैसे जमले आणि शाळेच्या पाण्याचे नळ फुटले. नळ आधी, हे सरांनाही पटलं. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरची खोली. मग स्टेज. मग शाळेचं बोधचिन्ह असलेलं लोखंडी फाटक, जे उघडताना अशा आवाजात ओरडे की शिट्टीला हेवा वाटावा. दरवेळी संस्थेचे अध्यक्ष सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "पुढच्या वर्षी मैदान. आता माघार नाही."

"तुमचं मैदान म्हणजे आपला स्वयंपाकघरातला ओटा," बायको म्हणे. "मापं दरवर्षी घेतली जातात."

"या वर्षी होणार बघ."

"ओटा?"

"मैदान गं."

"तेच म्हटलं. माझ्या नशिबी ओटा कुठला!"

पण या वर्षी सरांचा आवाज निराळा होता. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. टाके पडलेली ती मुलगी आता आई झाली होती आणि तिचं पोरगं पहिलीत, त्याच वळणावरून पळत होतं. आपण जायच्या आधी एकदा तरी सपाट मातीवर पोरं पळताना बघायची, एवढं एकच सरांना हवं होतं.

फन रनच्या आधी ते मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. अध्यक्षही तिथं बसले होते. टेबलावर संस्थेच्या नव्या बैठकीच्या खोलीचा नकाशा पसरलेला होता. गोल टेबल, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा.

"साहेब, मैदान?" सरांनी विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. अध्यक्ष मात्र मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती.

"अहो सर, तुम्हीच एवढे हुशार आणि तुम्हीच असं विचारता? मैदान करून टाकलं तर पुढच्या वर्षी पोरं पळणार कशासाठी? बैठकीच्या खोलीसाठी कोण पैसे देतो हो! पोरांचे खरचटलेले गुडघे बघितले की पालकांचा हात सैल सुटतो. तुमचं मैदान म्हणजे शाळेची दुभती गाय आहे. ती कुणी विकतं का?"

बाई हळूच म्हणाल्या, "सर, बसा ना. चहा सांगते."

सर बसले नाहीत. व्हरांड्यातून चालताना त्यांच्या ध्यानात आलं, की मैदान होत नव्हतं ते फन रन फसला म्हणून नव्हे. तो दरवर्षी इतका छान होत होता, म्हणून. ज्या दगडांवर पोरं आपटत होती, ते जागच्या जागी धरून ठेवायचं काम इतकी वर्षं त्यांनीच, हसतहसवत, बिनचूक केलं होतं.

फन रनच्या सकाळी त्यांनी माइक हातात घेतला. समोर आया, बाप, आज्या, चिकट दुकानदार, सगळे. हनुवटीवर व्रण असलेली ती आई पहिल्याच रांगेत.

"या वर्षी एक पैसाही देऊ नका," सर म्हणाले.

हशा.

"मी खरं सांगतोय. हे पैसे मैदानाला जात नाहीत. कधीच गेले नाहीत. गोल टेबल येणार आहे. आधी मैदान करा म्हणा, मग द्या."

हशा आणखी मोठा झाला. दातांचे डॉक्टर डोळे पुसत होते. अध्यक्ष टाळ्या वाजवत शेजाऱ्याला म्हणाले, "काय टायमिंग आहे या माणसाचं!" हनुवटीवर व्रण असलेली आई ओरडली, "सर, गोल टेबलावर आम्हालाही बोलवा हं!"

"अहो, हसू नका," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. त्यावर तर शिट्ट्या पडल्या. रडवेल्या माणसाची नक्कल समजून लोकांना ते फारच आवडलं.

त्या वर्षी कधी नव्हे एवढे पैसे जमले.

निरोपसमारंभात अध्यक्षांनी जाहीर केलं, की यापुढे फन रन सरांच्या नावानं होईल. शाळा आहे तोवर तो थांबणार नाही. सगळे उठून उभे राहिले. सरांच्या हातात फ्रेम दिली गेली. फ्रेममध्ये त्यांचं खरं नाव होतं आणि बरीच पोरं ते वाचून एकमेकांना विचारत होती, "हे कोण?"

घरी जाताना फ्रेम बायकोनं घेतली होती. ती म्हणाली, "नाव तरी दिलं म्हणायचं."

"हो ना. धावण्याला दिलं," सर म्हणाले. "मैदानाला द्यायचं तर आधी मैदान करावं लागलं असतं."

बायको हसली नाही. तिनं फ्रेम दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळ्या हातानं सरांचा दंड धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं.