डॉक्टर ईरण्णांची विहीर

डॉक्टर ईरण्णा माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, दातांकडं बघून बोलत. आमच्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा मी नमस्कार केला, तर नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाई, लहानपणी पाणी कुठलं पीत होता?" मी येरमाळ्याची. घरच्या आडाचं, असं सांगितलं. "चांगलं पाणी," म्हणाले, आणि मग खुर्चीवर बसले.

दातांचं शास्त्र ते हैदराबादेत शिकले होते. घरची बोली कानडी. तोंडात दोन वेगळ्या धातूंनी भरलेले दात शेजारी असले की लाळेतून बारीकसा वीजप्रवाह वाहतो, यावरचे त्यांचे निबंध परदेशात छापून आले होते. भाषावार प्रांत झाले, त्यांची बदली आमच्या धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात झाली आणि प्रयोगशाळा हैदराबादलाच राहिली. म्हणून शाळा सुटल्यावर ते आमच्या विज्ञानाच्या खोलीत काम करीत. मी तिथं शिकवत होते.

दाताचं कवच हा त्यांचा नवा विषय. निरोगी कवच वीज अडवतं, कच्चं राहिलेलं कवच ती आत जाऊ देतं. पोरांचे पडलेले दुधाचे दात ते मिठाच्या पाण्यात ठेवत, तारा जोडत आणि यंत्राच्या काट्याकडं बघत राहत. काटा फार हलला की त्यांचा चेहरा उतरायचा. "संशोधन पुढं गेलं, बाई. पोरगं मागं गेलं," असं ते म्हणत.

काटा सगळ्यांत जास्त हलला तो जळकोटच्या बाजूच्या एका खेड्यातल्या दातांनी. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या पोरांचे दात तपकिरी आणि खडबडीत. दोष विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराईडचा, असं त्यांचं निदान होतं. मुली परक्या पुरुषापुढं तोंड उघडेनात, म्हणून ते मला घेऊन गेले. सगळ्या तोंडाला पदर लावून भिंतीशी उभ्या होत्या. कस्तुरा नावाची लग्नाच्या वयाची मुलगी तेवढी पुढं आली आणि तिनं आ केला. मग बाकीच्या आल्या.

विहीर बंद करायची तर गावाच्या नावानिशी सरकारला कळवावं लागणार होतं. ही कुणकुण लागताच कस्तुराचे वडील शाळेत आले. तिचं लग्न ठरलं होतं, आणि डाग मिशरीचे आहेत, घासले की जातील, असं वरपक्षाला सांगितलेलं होतं. गावाच्या पाण्याचा बोभाटा झाला तर सोयरीक टिकणार नव्हती. ते हात जोडून म्हणाले, "डाक्टरसायब, लगीन होऊस्तोर दम धरा. लई न्हाय, दोन म्हैने."

डॉक्टरांनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाले, "पाळण्यातल्या पोरांचे दात हिरडीच्या आत आत्ताच घडायलेत. त्यांना थांबा म्हणून कोण सांगणार?"

त्यांनी कळवलं. विहिरीवर पाटी लागली, गावाला दुसरीकडचं पाणी मिळालं, आणि कस्तुराची सोयरीक मोडली. डॉक्टर माफी मागायला गेले, तर तिच्या वडिलांनी दारातूनच परत पाठवलं. त्या दातांवरचा निबंध पुरा झाला होता, पण त्यांनी तो छापायला पाठवला नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "त्यात एका पोरीचं लग्न मोडलेलं आहे."

पुढं काही वर्षांनी ते हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तर त्यांनी तिचंच विचारलं. लग्न झालं नाही, गावातच बालवाडीत पोरं सांभाळते, असं मी सांगितलं.

"पोरांचे दात?"

"आता येणारे पांढरे आहेत."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "तिला भेटा, बाई. म्हणावं, त्या पांढऱ्या दातांचं मोल तिनं दिलं. माझं काही गेलं न्हाई."

ते गेल्यावर मी त्या गावाला गेले. कस्तुरा पोरांना रांगेत बसवत होती. मी निरोप सांगितला. तिनं पदर तोंडाशी नेला नाही, सरळ माझ्याकडं बघितलं.

"हीर बंद केली ते बरंच केलं," ती म्हणाली. "म्या सोता व्हय म्हनले असते. पन बाई, माझा बा तुमाला इचारायला आला, डाक्टर त्याच्याशी बोलले. मला कुनीच इचारलं न्हाय."