नातीच्या ताटाचं वजन

सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. खोटं बोलणारे तराजू खरं बोलते करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. माझं पुस्तकबांधणीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे त्यांचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. एखादा दुकानदार तराजू घेऊन आला की डोळे बारीक करून विचारायचे, "काटा बिघडलाय की नियत?"

त्यांची नात नऊ वर्षांची असताना अचानक वाळायला लागली. सारखी पाणी प्यायची, वर्गात पेंगायची. डॉक्टरबाईंनी तपासलं तर मधुमेह निघाला. लहान वयात होतो तो. शरीर इन्सुलिनच तयार करत नाही, जन्मभर टोचून घ्यावं लागतं. सून इंजेक्शन द्यायला शिकली, पण साखर काही केल्या ताळ्यावर येईना. जेवणानंतर तीनशे, थोड्या वेळानं साठ. पोरगी कधी चिडचिडायची, कधी घामाघूम व्हायची. शाळेच्या फुटबॉल संघातून तिला काढलं, तेव्हा तर तिनं दोन दिवस कुणाशी बोलणंच टाकलं.

एकदा काटेवाल्यांनी सुनेला विचारलं, "हिला भात किती वाढतेस?"

"रोजच्याइतकाच, बाबा. एक वाटी."

त्यांनी तीच वाटी दोन दिवस तोलून पाहिली. पहिल्या दिवशी एकशे दहा ग्रॅम, दुसऱ्या दिवशी एकशे साठ. "अगं, औषध मोजून देतो आणि जेवण नुसतं डोळ्यांनी?"

दुकानातला सगळ्यात बारीक काटा त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात गेला. इथवर ठीक होतं. पण माणूस महाहट्टी! भात, पाव, बटाट्यांनी साखर चढते हे कळल्यावर त्यांनी एका दमात सगळंच बंद करायला लावलं, तेही डॉक्टरबाईंना न विचारता. इन्सुलिन मात्र पूर्वीइतकंच दिलं गेलं. दुपारी पोरगी थरथरायला लागली, जीभ जड झाली. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला अठ्ठेचाळीस. सुनेनं धावत साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पोरगी सावरली. काटेवाले दाराची चौकट धरून उभे होते, पांढरेफटक.

डॉक्टरबाईंनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. "ताट हलकं केलं की इन्सुलिनही कमी करावं लागतं, आजोबा. आणि ते किती, हे मी ठरवणार. शिवाय पोर वाढतंय. तिला उपाशी ठेवायचं नाही."

"चुकलो," काटेवाले म्हणाले. "आता नीट शिकवा मला."

मग नीट सुरुवात झाली. पिष्टमय पदार्थ थोडे थोडे कमी, आणि जे असतील ते तोलून. त्यांच्या जागी पोटभर अंडी, मासे, चिकन, चीज, दाणे, पालेभाज्या. दर दोन-तीन दिवसांनी डॉक्टरबाईंना फोन, त्या सांगतील तसं इन्सुलिन खाली. महिन्याला नातीची उंची आणि वजन.

भाताऐवजी फ्लॉवर किसून परतला, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, हा लाकडाचा भुसा आहे." दुसऱ्यांदा तो करपला. तिसऱ्यांदा त्यात अंडं आणि लोणी पडलं, आणि तिनं आणखी मागितला. तरी एक दिवस तिनं ताट सरकवलंच. "तुम्ही सगळे वेगळं खाता. मीच काय ती आजारी!"

काटेवाल्यांनी आपलं ताट उचललं आणि भात पातेल्यात परत टाकला. "आजपासून माझंही तुझ्यासारखंच."

बटाट्यावर जीव असलेला माणूस तो. आठवड्याभरातच जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात डोकावले. "डब्यात काय आणलंयस रे?" बटाट्याचीच भाजी होती. मी झाकण दाबून धरलं आणि कोबी म्हणून सांगितलं.

सहा महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आला. साडेदहा टक्क्यांचा आकडा साडेसहावर उतरला होता. पोरगी चार सेंटीमीटर वाढली होती. डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि शाळेला चिठ्ठी लिहून दिली: खेळू द्या.

शाळांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मीही गेलो होतो. खेळाच्या बाईंच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, सुनेच्या हातात यंत्र. मध्यंतराला बोट टोचलं तर एकशे बावीस! काटेवाल्यांनी तो आकडा शेजारच्या अनोळखी बाईंनाही दाखवला. शेवटची पाच मिनिटं उरली असताना नातीनं डावीकडून चेंडू पळवला. दोघींना चकवलं, तिसरी आडवी यायच्या आत तो जाळ्यात घातला. काटेवाले इतके ओरडले की पंचानं वळून पाहिलं. संघ जिंकला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून एकही तराजू दुरुस्त झाला नाही. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सामना पहिल्या शिट्टीपासून ऐकवला. मला तर दोनदा, मी मैदानावर त्यांच्या शेजारीच उभा असूनही.