एकाच आडनावाची गल्ली

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने गावातल्या निम्म्या दारांवर आडनावं चढवली होती, पण स्वतःचं आडनाव त्याला घरच्या दारापलीकडे कधी रंगवायला मिळालं नव्हतं. वडील छाती फुगवून सांगायचे, "आपले पूर्वज राजवाडे रंगवायचे. या आडनावाचं घर जगात एकच!" लहानपणी ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांकडून हॉल भरेल एवढी माणसं येणार होती आणि मुलीच्या बाजूने आई, बाप नि एक बहिरा मामा.

"तोही माझ्या माहेरचा," बायकोने आठवण करून दिली.

एवढं मिरवलेलं आडनाव आणि लग्नात पाठीशी उभं राहायला माणूस नाही, याची पेंटरला मनापासून लाज वाटत होती.

अशात एक बस चालवणारी बाई दुकानात आली आणि घरासाठी पाटी सांगितली. आडनाव ऐकून पेंटरचा ब्रश डब्यातच राहिला.

"हे आडनाव तुमचं कसं?"

"कसं म्हणजे? आमच्या गल्लीत सगळ्यांचं हेच आहे!" बसची वेळ झाली म्हणून बाई गेलीसुद्धा.

एरवी गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावणारा हा गडी दुसऱ्या दिवशी अर्धी ओली पाटी स्कूटरवर घेऊन जुन्या दगडखाणीमागच्या गल्लीत हजर झाला. पहिल्या दारावर त्याचं आडनाव. दुसऱ्यावरही तेच. कुठे खडूने, कुठे पत्र्यावर, एका बहाद्दराने तर टायरवर लिहिलेलं. अक्षरं बघवत नव्हती, तरी तो अधाशासारखा वाचत सुटला. गंमत म्हणजे कुणाचा तोंडवळा कुणाशी जुळत नव्हता. ही कसली भावकी?

बसवालीची आत्या पायरीवर मटार सोलत होती. पेंटरने पाटी टेकवली आणि विचारलंच.

"खाणीवर माणसं चहूकडून आलेली," आत्या म्हणाली. "कुणी पळून आलेलं, कुणी टाकून दिलेलं. आडनाव होतं कुणाला? पोरं शाळेत घालायची तर मास्तर अडून बसला. तेव्हा म्हातारा सुरुंगवाला म्हणाला, माझं लावा. त्याला ना बायको ना पोर. एकाने लावलं, मग सगळ्यांनीच लावलं."

"माझंही आडनाव हेच. आजोबा रंगारी होते..."

"उजव्या पायाने लंगडायचा?"

पेंटरने होकारार्थी मान हलवली. "राजवाडे रंगवायचे ते."

"राजवाडे! अरे, तो खाणीवरचे संडास रंगवायचा!" आत्या एवढी हसली की मांडीवरचे मटार घरंगळले.

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आपण रक्ताचे कुणीच नाही."

"रक्ताचं त्या म्हाताऱ्याला तरी कोण होतं? म्हणून तर वाटून टाकलं त्याने नाव."

पेंटरला राहवेना. "आत्या, मुलीचं लग्न आहे. माझ्या बाजूने कुणीच नाही," तो बोलून गेला.

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. गल्लीच्या मधोमध उभी राहून तिने हाळी दिली, "बाहेर या गं सगळ्या! आपल्या लंगड्याच्या नातवाची पोर उजवायची आहे!"

एकेक दार उघडत गेलं. हॉल आता पुरायचा नाही, हे लक्षात येऊन पेंटर रडता रडता हसायला लागला.